तीस वॉशर

(रौप्य महोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कमिटीनं मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय मूळ होता 'आपल्या जागेचा पूर्वेतिहास', कारण आपल्या बिल्डिंगखालची जमीन एके काळी आमच्या घरची होती हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. पण परवा सांस्कृतिक समितीच्या बैठकीत मी बोलता बोलता म्हणालो की तरुणपणी मी चर्चच्या नाटकात यहूदाचं काम केलंय, आणि सगळे त्याच्याच मागे लागले. "काका, इतिहास राहू द्या, नाटकाचं सांगा." मी हो म्हटलं. आमच्या घरापुरत्या या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्यात की एक सांगायला घेतली की दुसरी आपोआप येते.

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. येशूचे बारा शिष्य. त्यातला यहूदा महायाजकांकडे गेला आणि तीस चांदीच्या नाण्यांच्या बदल्यात त्यानं आपल्या गुरूला पकडून दिलं. नंतर पस्तावून ती नाणी परत नेऊन फेकली आणि गळफास घेतला. या बारा जणांच्या मंडळात पैशांची थैली यहूदाकडे असायची, म्हणजे तो खजिनदार होता, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. आपल्या खजिनदारांनी मनाला लावून घेऊ नये. शिवाय आजचा कार्यक्रमही चांदीचाच आहे.

आता आमच्या वसईत ही नाटकं कशी व्हायची ते सांगतो. मराठीत ख्रिस्ताची गोष्ट सांगायला सुरुवात झाली त्याला 400 वर्षं होऊन गेली. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचलं. ते गोव्यात रायतूरला 1616 साली छापलं गेलं, आणि तेही रोमन लिपीत! आमच्या गावात मात्र ओव्या-बिव्या काही नव्हत्या. आमच्याकडे होते लाकडी फळ्या टाकलेले तेलाचे ड्रम, बांबूला टांगलेला एक माईक, दोन हॅलोजन आणि सहा आठवड्यांच्या तालमी. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की शाळेच्या व्हरांड्यात रोजरीनंतर तालीम सुरू व्हायची आणि झावळ्यांच्या रविवारी रात्री चर्चच्या पटांगणात प्रयोग. एकच प्रयोग. दुसऱ्या दिवशी ड्रम ज्याचे त्याला परत.

रोमन सैनिकांचे तांबडे झगे कुठून आणायचे? आमच्या कुपारी बायका लाल लुगडं नेसतात, हे तुम्ही बाजारात पाहिलं असेल. तर गावातल्या आज्यांची जुनी लाल लुगडी मागून आणायची आणि सैनिकांच्या खांद्यावरून सोडायची. प्रत्येक लुगड्याला आतून कागद टाचलेला, कुणाचं ते लिहिलेला, कारण परत देताना अदलाबदल झाली तर त्यावरून जो इतिहास घडला असता तो बायबलमध्येही नाही. शिरस्त्राणं पत्र्याची, वर झाडूचे हीर लावून केलेला तुरा. मेघगर्जनेसाठी मागे एक जण पत्र्याची शीट हलवत उभा. येशूनं प्राण सोडला तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला असं शास्त्रात आहे. म्हणून दोन चादरी मधोमध कच्च्या टाक्यानं शिवायच्या आणि वेळ आली की दोन्ही बाजूंनी दोघांनी ओढायच्या. त्या टाक्यांचा आवाज माईकवर असा येई की पुढच्या बायका छातीवर क्रूस करत.

मेकअपमन दादरहून यायचे. ते मूळचे कामगार रंगभूमीचे, पौराणिक नाटकांचेही. त्यांच्या पेटीत दाढ्या होत्या त्या सगळ्या ऋषींच्या. त्यामुळे आमच्या पेत्राला विश्वामित्राची दाढी आणि महायाजक कैफाला दुर्वासांची. मला त्यांनी आरशासमोर बसवलं, हनुवटी धरून दोन्हीकडून पाहिलं आणि म्हणाले, "यहूदा ना? मग शकुनीचं चालेल."

त्या साली मला यहूदाचं काम कसं मिळालं तेही ऐका. काळ नव्वद-ब्याण्णवचा. मी नुकताच गोरेगावला एका कारखान्यात लागलो होतो. संध्याकाळची लोकल पकडून वसई रोड, तिथून एस.टी., असा घरी पोचेपर्यंत साडेआठ व्हायचे. पहिल्या तालमीला मी पोचलो तेव्हा बाकी सगळ्या भूमिका वाटून झाल्या होत्या. यहूदा उरला होता. एकानं नकार दिला होता कारण त्याचं लग्न जुळायच्या बेतात होतं. दुसऱ्याच्या आईनं फादरांना निरोप धाडला होता की माझा मुलगा बरब्बा होईल, चोर होईल, यहूदा होणार नाही. माझ्या आईला मी सांगितलं तेव्हा तिनं भाकरी थापायची थांबवून विचारलं, "आपल्याच घरातला सापडला का फादरांना?" वडील ओटीवर बसून पानवेलीच्या पानांच्या कवळ्या लावत होते. ते म्हणाले, "कुणीतरी करायला पाहिजेच ना. त्याच्याशिवाय गोष्ट पुढे कशी जाणार?"

येशूचं काम करणारा मुलगा एस.टी.त कंडक्टर होता. सहा आठवडे त्याच्यावर सगळ्या गावाची नजर. विडी नाही, ताडी नाही, शिवी नाही. सुट्या पैशांवरून भांडण करायचीही सोय नाही! प्रयोगानंतर कितीतरी दिवस म्हाताऱ्या बाया त्याच्या गाडीत चढल्या की तिकिटाचे पैसे दोन्ही हातांनी द्यायच्या. माझी गत उलटी. मी विहिरीवर गेलो की पोरं ओरडायची, "तीस रुपये! तीस रुपये!" आमची ही समोर बसली आहे, ती साक्ष देईल: तिच्या माहेरी माझं स्थळ गेलं तेव्हा तिच्या आजीचा पहिला प्रश्न होता, "तोच ना तो, यहूदा?"

तालमीत मी फादरांना सारखा विचारायचो की यहूदानं हे का केलं. मला कारण हवं होतं. कारणाशिवाय चेहऱ्यावर काय आणायचं? फादर म्हणाले, मत्तय पैशांचं सांगतो, लूक आणि योहान सांगतात की त्याच्यात सैतान शिरला, यापलीकडे शास्त्रात काही नाही. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात बसली. जुन्या करारात कायदा आहे, की एखाद्याच्या बैलानं दुसऱ्याच्या गुलामाला शिंगानं मारलं तर भरपाई किती? तीस शेकेल चांदी. म्हणजे यहूदाला मिळाला तो एका गुलामाचा भाव. ही नाणी टायर शहरात पाडलेले शेकेल असावीत असं मानतात, एकेक साधारण 14 ग्रॅमचं. हिशेब केला तर अर्धा किलोसुद्धा भरत नाही. फादर म्हणाले, "नाणी फेकायच्या आधी थैली हातात तोलून बघ. बोलू नकोस काही. नुसती तोल."

नाणी म्हणून काय वापरायचं हा प्रश्न होता. पुठ्ठ्याची आवाज करत नाहीत. मी कारखान्यातल्या स्टोअरकीपरना विचारून तीस वॉशर विकत आणले, चांगले जाड, गॅल्व्हनाइज्ड. हॅलोजनखाली चांदीसारखे चमकायचे आणि फळीवर पडले की असा आवाज यायचा की माझ्याच अंगावर काटा यायचा.

आता जमिनीकडे येतो, कारण त्या वर्षी गावात दुसरा विषयच नव्हता.

आज तुम्ही गॅलरीतून बघता तिथे तेव्हा केळीच्या बागा होत्या, पानवेली होत्या, मोगरा-तगरीचे वाफे होते. पहाटेच्या लोकलनं फुलं नि भाजी दादरला जायची. जागोजाग बावखलं होती, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारी तळी. त्यांच्यामुळे विहिरी गोड राहायच्या. 1990 साली वसई-विरारच्या नियोजनासाठी सिडको आली. शेतावर, वाडीवर, घरावर रेषा ओढलेले नकाशे लोकांच्या हाती पडले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेच हे दिब्रिटो. गावोगाव सभा व्हायच्या, मोर्चे निघायचे. आम्हीही जायचो. सभेत हात वर करून ठरायचं की कुणी जमीन विकायची नाही. आणि सभा सुटून घरी यावं तर ओटीवर मोटरसायकलवाला दलाल चहा पीत बसलेला असायचा.

दुसरीकडे टँकर सुरू झाले होते. नव्या इमारतींना पाणी हवं, ते आमच्याच विहिरींतून उपसलं जायचं. समुद्र जवळ. गोडं पाणी खाली गेलं की खारं वर येतं, याला फार शिक्षण लागत नाही. काही विहिरी मचूळ झाल्या. केळीला मचूळ पाणी चालत नाही. पानं कडेनं करपतात आणि घड धरत नाही.

आमचे एक काका होते, वडलांचे चुलतभाऊ. सगळं गाव त्यांना काकाच म्हणायचं, मीही तेवढंच म्हणतो. त्यांची विहीर पहिली गेली. घरात तीन मुली. त्या वर्षी पावसाळ्यानंतर त्यांनी आपली वाडी विकली. आमच्या पाखाडीतला पहिला व्यवहार. कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण रविवारी मिस्सा संपल्यावर पटांगणात माणसं घोळक्यानं उभी राहतात ना, त्यात काका आले की घोळका आपोआप पातळ व्हायचा. नाटकाच्या मंडपासाठी दर वेळी त्यांच्याकडचे बांबू यायचे. त्या वर्षी ते मागायला कुणी गेलं नाही. काकांनी स्वतःच बैलगाडीत घालून आणून ठेवले आणि निघून गेले.

प्रयोगाची रात्र. पटांगण भरलेलं, पुढे बायका-मुलं चटयांवर, मागे पुरुष. माझा शेवटचा प्रवेश. मी महायाजकांसमोर येतो, थैली तोलतो, आणि तीस वॉशर फळीवर फेकतो. फेकले. चारीकडे घरंगळले. एकदम शांतता. मग महायाजक आपसात बोलतात की हे रक्ताचे पैसे, देवळाच्या खजिन्यात टाकता येणार नाहीत. यातून कुंभाराचं शेत विकत घेऊ, परक्या लोकांना पुरायला. हे मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, आमच्या लेखकानं पदरचं घातलेलं नाही. दुर्वासांच्या दाढीतला कैफा म्हणाला, "या पैशांतून आपण शेत विकत घेऊ."

आणि मागून अंधारातून कुणीतरी आमच्या कादोडीत मोठ्यानं विचारलं, "गुंठ्याला काय भाव?"

हशा पिकला. सगळं पटांगण हसलं, पोरंसुद्धा, कशाला हसतोय ते न कळता. मग तो हशा मध्येच थांबला, कारण सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. काका उजवीकडे आंब्याखाली बसले होते. ते उठले. त्यांनी चटई गुंडाळायला घेतली. चटई गुंडाळायला वेळ लागतो. आधी धाकट्या मुलीला उठवावं लागलं, ती झोपली होती. काकूंनी तिला खांद्यावर घेतलं. चटई गुंडाळून काखेत मारून ते फाटकाकडे चालू लागले आणि फाटक उघडल्याचा आवाज आला तोपर्यंत स्टेजवर किंवा खाली कुणी काही बोललं नाही. मी स्टेजच्या मधोमध उभा होतो, पायाशी वॉशर. पुढचं वाक्य माझं होतं. मी ते म्हटलं, पांढऱ्या चादरीमागे गेलो आणि ठरल्याप्रमाणे सावलीत गळफास घेतला.

ओरडणारा कोण हे मला माहीत आहे. तो आता हयात नाही. चार वर्षांनी त्यानंही विकली.

दुसऱ्या दिवशी फादर काकांच्या घरी जाऊन आले. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. एवढं सगळ्यांनी पाहिलं की पुढची दोन वर्षं काका दर रविवारी सायकल काढून शेजारच्या चर्चमध्ये मिस्साला जायचे. गुड फ्रायडेला, ईस्टरलासुद्धा. आपलं देऊळ दोन मिनिटांवर असताना. हे मी सभासदांना मुद्दाम सांगतोय, कारण "इथल्या लोकांनी जमिनी विकून पैसा केला" असं वाक्य मी लिफ्टमध्ये, जिन्यात पुष्कळदा ऐकलंय. विकणाऱ्याच्या घरात नक्की काय झालं ते लिफ्टमध्ये कळत नाही.

आमच्या घरी पाळी आली त्यानंतर चारेक वर्षांनी. कारणं तीच: पाणी मचूळ, भाऊ आखातात, मी कारखान्यात, वडलांचे गुडघे गेलेले. 22 गुंठे. वडील बरेच दिवस काही बोलले नाहीत. एकदा संध्याकाळी ते मला म्हणाले, "ते कुंभाराचं शेत, त्यातली माती आधीच काढून नेलेली असणार. नाहीतर शेत कोण इतक्या स्वस्तात देतं?" शेतकऱ्यानं बायबल वाचलं की असं वाचतो.

करारावर सह्या व्हायच्या आठवडाभर आधी काका आमच्या घरी आले. त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फाइल घेऊन आले आणि ओटीवर पसरून बसले. त्यांचा सातबारा, त्यांचा करारनामा, बँकेनं परत पाठवलेल्या चेकच्या चिठ्ठ्या. त्यांच्या बिल्डरचे दोन चेक वटले नव्हते. कबूल केलेल्या दोन फ्लॅटऐवजी एक मिळाला, तोही बोलला होता त्याच्या निम्म्यानं. हे गावात कुणालाच माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. वडलांना ते एकेक कागद दाखवून सांगत गेले. चेक वटेपर्यंत कुलमुखत्यारपत्र देऊ नकोस. फ्लॅटचा नंबर आणि चौरस फूट करारात घाल, तोंडी काही ठेवू नकोस. बहिणींच्या सह्या आताच घे, हक्काचा प्रश्न पुढे ठेवू नकोस. विहीर बुजवायची नाही असं लिहून घे. आणि सोसायटी झाली की जमीन तिच्या नावे करून द्यायची, त्याची मुदत घाल.

उठताना ते माझ्याकडे बघून थोडे हसले. त्या रात्रीबद्दल ते आयुष्यात एकदाच बोलले, ते तेव्हा. म्हणाले, "तुला तीस तरी मिळाली रे. मला तीसही पुरी मिळाली नाहीत."

तर मंडळी, आपल्या आवारातली विहीर आज आहे, तिच्या पाण्यावर आपली बाग नि टॉयलेटची लाइन चालते, ती या एका कलमामुळे. आपल्या माझ्या आत्यांच्या सह्या आधीच झाल्या होत्या म्हणून आपलं कन्व्हेयन्स तिसऱ्या वर्षी झालं. याच रस्त्यावर अशा सोसायट्या आहेत ज्या आजही मानीव अभिहस्तांतरणासाठी निबंधकांच्या कार्यालयात खेटे घालतायत. पहिल्या सेक्रेटरींना वाटायचं की आमच्या वडलांना कायद्याची फार जाण होती. वडील चौथी पास. ही सगळी जाण काकांच्या फाइलीतली. काकांच्या तिन्ही मुलींची लग्नं झाली, काका 2011 साली गेले. शेवटची बरीच वर्षं ते पुन्हा आपल्याच चर्चमध्ये यायचे, मागच्या दाराजवळच्या बाकावर बसायचे. त्यांना परत कुणी बोलावलं किंवा कुणी माफी मागितली असं काही झालं नाही. गावातल्या आणखी दहा-बारा जणांनी जमिनी विकल्या आणि घोळके पातळ व्हायचं आपोआप बंद झालं, इतकंच.

नाटक मात्र चालू राहिलं, दर दोन-तीन वर्षांनी. मध्यंतरी आमच्या तरुण फादरांनी जर्मनीतल्या ओबरआमरगाऊ गावाबद्दल माहिती दिली. तिथे 1633 साली प्लेगच्या साथीत गावानं नवस केला की आम्ही वाचलो तर ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं नाटक करत राहू. 1634 पासून ते करतायत, आता दर दहा वर्षांनी. 2020 चा प्रयोग कोरोनामुळे 2022 ला झाला. भाग घ्यायची अट अशी की माणूस त्या गावात जन्मलेला हवा, नाहीतर निदान 20 वर्षं तिथे राहिलेला हवा. दाढ्या खऱ्या, वर्षभर आधीपासून वाढवलेल्या. शकुनीचं चालत नाही. आणि 2022 साली यहूदाची एक भूमिका तुर्की वंशाच्या एका मुस्लीम तरुणानं केली. हे ऐकून आमच्याकडच्या एका ज्येष्ठांनी लगेच विचारलं, "म्हणजे तिथेही यहूदा करायला गावातलं कुणी तयार नव्हतं का?" तसं काही नाही, तो त्याच गावात जन्मलेला मुलगा आहे.

वीस वर्षांच्या त्या अटीवरून मला आपली सोसायटी आठवली. आपल्याला 25 झाली. गिरगावातून, डोंबिवलीतून, कोकणातून, देशावरून आलेली आपण माणसं. सुरुवातीला गावातले लोक आपल्याला 'बिल्डिंगवाले' म्हणायचे आणि आपण त्यांना 'गाववाले'. मी दोन्हीकडचा असल्यामुळे दोन्ही शब्द माझ्यासमोर बोलले जायचे. गेल्या खेपेला मात्र बी विंगमधली दोन मुलं यरुशलेमच्या जमावात होती, झावळ्या हलवत. त्यांच्या आजीनं प्रयोगानंतर मला विचारलं, की नाणी फेकणारा तो मुलगा चांगला रडला, कोण आहे? मी म्हटलं, काकांचा नातू. मोठीच्या मुलाचा आवाज काकांसारखाच आहे. ते काम त्यानं मागून घेतलं होतं.

वॉशर अजून तेच आहेत. प्रयोगाच्या रात्री चार पोरांनी पळवले, सव्वीस उरले. सोसायटीच्या विहिरीवर पंप बसवताना फिटरला पायाच्या बोल्टसाठी चार कमी पडले, ते मी घरून आणून दिले. पंपाजवळ गेलात तर दिसतील, गंज अजून धरलेला नाही. बावीस राहिले होते, म्हणून यंदा हार्डवेअरच्या दुकानातून आठ नवीन आणून भर घातली आहे. नवीन फार हलके येतात.

यंदाही नाटक आहे. तालमी रोज रात्री साडेआठला शाळेच्या व्हरांड्यात, राखेच्या बुधवारपासून. जमावाला माणसं कमी पडतायत, पंचवीस-तीस हवीत, वयाची अट नाही. सैनिकांमध्ये उंच मुलं पाहिजेत. सी विंगमधल्या व्हॉलीबॉलच्या टीमनं विचार करावा. कुणाकडे जुनी लाल साडी असेल तर माझ्याकडे आणून द्या, नाव आणि फ्लॅट नंबर कागदावर लिहून आतून टाचा, परत मिळेल. महिला मंडळानं चहाचं आधीच कबूल केलंय. सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत, पंधराची वीस मिनिटं झाली.